साडीचा रंग फोटोत जुळेना: साधं ॲप पुरतं की मोठं सॉफ्टवेअर लागतं?

"ताई, रंग असाच आहे ना?" हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की त्याचं उत्तर फोनमध्ये सेव्ह करून ठेवलंय, नुसतं चिकटवायचं. सांगलीत घरूनच साड्या विकते मी, इरकल, खण, नारायणपेठी, दिवाळीच्या आधी थोड्या पैठण्या. दुकान नाही, जे काय चालतं ते व्हॉट्सॲप आणि इन्स्टावर, म्हणजे गिऱ्हाइकाला कापड हातात घेऊन बघायची सोयच नाही, फोटो बघायचा आणि पैसे पाठवायचे. आणि आपल्याकडे रंगांची नावं तरी किती, आंबा कलर, मोरपंखी, राणी, डाळिंबी, वांगी, आणि चिंतामणी कलर म्हणजे नक्की कोणता हे दोघींना विचारलं तर तीन उत्तरं येतात. मोरपंखी सांगितलेली साडी फोटोत नुसती निळी दिसली आणि घरी पोचल्यावर हिरवट निघाली की ती परत येते, कुरियरचा खर्च दोन्हीकडचा आपल्याच अंगावर. कोणतं एडिटिंग सॉफ्टवेअर घ्यावं या भानगडीत मी पडले ती या कारणाने, मला फोटोग्राफीची हौस वगैरे काही नव्हती.

फोनवर सुरुवातीपासून स्नॅपसीड हे ॲप वापरायचे. त्याच्या आधी लॅपटॉपवर पिकासा हे फोटोंचं सॉफ्टवेअर होतं, सगळ्यांकडेच असायचं तेव्हा, पण गुगलने ते २०१६ साली बंद केलं आणि तोवर फोटो फोनवरच काढायला लागलो होतो. स्नॅपसीडसुद्धा गुगलचंच, २०१२ मध्ये त्यांनी ते बनवणारी कंपनीच विकत घेतली आणि ॲप फुकट करून टाकलं. लोक त्याला लहान मुलांचं ॲप समजून नाक मुरडतात ना, त्यांनी ते नीट उघडून बघितलेलं नसतं. कर्व्ह (उजेड-अंधार कमीजास्त करायची रेघ) आहेत त्यात, व्हाइट बॅलन्स (उजेडाचा पिवळेपणा निळेपणा काढायची सोय) आहे, वाकडा आलेला फोटो सरळ करता येतो, भिंतीवरचा खिळा हीलिंगने पुसता येतो, आणि सिलेक्टिव्ह म्हणून जे टूल आहे ते तर मला अजून आवडतं, पदरावर बोट टेकवायचं, दोन बोटांनी गोल लहान मोठा करायचा आणि तेवढाच भाग उजळायचा. एक फोटो असेल तर दोन मिनिटांत हातावेगळा.

पण माझ्याकडे एक फोटो नसतो. एका साडीचे पाच सहा फोटो लागतात, घडीचा, पदराचा, काठाचा जवळून, ब्लाउज पीसचा, नेसलेला एखादा. आणि माल आला की एकदम पंधरा वीस साड्या येतात. ॲपमध्ये एकेक फोटो उघडून डोळ्याने अंदाज घेत सरकवायचं म्हटलं की सकाळी केलेला फोटो वेगळा आणि रात्री ट्यूबखाली बसून केलेला वेगळा. एकाच साडीचा पदर तांबूस आणि काठ पिवळसर, गिऱ्हाईक विचारणारच की या दोन वेगळ्या साड्या आहेत का. एका फोटोवर केलेले बदल लुक म्हणून सेव्ह करून पुढच्या फोटोला लावता येतात, तेही करून बघितलं, पण खिडकीतला उजेड दर पंधरा मिनिटांनी बदलत असेल तर जुना लुक काय कामाचा. त्यात अँबियन्स नावाचं एक बटण आहे ते सरकवलं की साडी इतकी सुंदर दिसते की हात आवरत नाही, सावल्या उघडतात, रंग खुलतात. साडी छान दिसते पण ती माझ्याकडे आहे ती साडी राहत नाही, हा सगळा घोटाळा.

दुसरी गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. फोन आपल्याला जो फोटो देतो तो आधीच एडिट झालेला असतो. शटर दाबलं की फोन स्वतःच उजेड सारखा करतो, आभाळ निळं करतो, लाल रंग थोडा चढवतो आणि मग जेपेग बनवून हातात देतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, लाल २५६, हिरवा २५६, निळा २५६, बास. कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेला कच्चा, एडिट न झालेला फोटो, १२ बिटची असेल तर ४०९६ आणि १४ बिटची असेल तर १६३८४. आता पायऱ्या जास्त म्हणजे फोटो आपोआप चांगला येतो असं काही नाही, पण रंग ओढायची, दुरुस्त करायची वेळ आली की जेपेगमध्ये चट्टे पडायला लागतात आणि रॉमध्ये पडत नाहीत. शिवाय रॉमध्ये व्हाइट बॅलन्स अजून ठरलेलाच नसतो, नंतर आपण ठरवायचा. म्हणजे कोणतं ॲप चांगलं हा प्रश्न मी विचारत होते त्याच्या आधीचा प्रश्न होता की त्या ॲपला मी खायला काय घालतेय.

घरात दिरांचा जुना डीएसएलआर कॅमेरा पडून होता, त्याच्यासोबतच आलेली ती साधी १८-५५ ची लेन्स. तो काढला. आता सॉफ्टवेअर. माझा भाचा इचलकरंजीला एका फोटो स्टुडिओत आहे, लग्नाचे करिझ्मा अल्बम करतो, त्याला फोन केला तर तो एका वाक्यात मोकळा झाला. "आत्या, फोटोशॉप शीक, बाकी सगळं टाइमपास आहे." मी म्हटलं अरे पण मला अल्बम नाही करायचे. "तरी पण. एकदा आलं की कशाला अडत नाही." त्याचं त्याच्यापुरतं खरंच आहे. नवरीच्या मागचा मंडप काढून तिथे राजवाडा लावायचा, चार फोटो एका पानावर मिसळायचे, डोळे मिटलेल्या काकांना दुसऱ्या फोटोतले डोळे द्यायचे, या कामाला लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले फोटोंचे थर, हवेत आणि लेयरचं काम फोटोशॉपइतकं कुठेच होत नाही. १९९० पासून आहे ते, भाच्याच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून.

म्हणून मग ट्रायल घेतली. लोक घाबरवतात तेवढं अवघड नाही हो ते, निदान सुरुवात तरी नाही. लेयर म्हणजे काय, मास्क (फोटोचा नको तो भाग झाकणारा पडदा) म्हणजे काय, ॲडजस्टमेंट लेयर टाकला की खालचा फोटो तसाच राहतो आणि रंगाचा बदल वेगळा ठेवता येतो, हे समजायला दोन संध्याकाळी पुरल्या आणि मजाही आली. मराठी अक्षरं टाकायला गेले तेव्हा जोडाक्षरं सुटी पडली, तर तेव्हा टाइपच्या प्रेफरन्समध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय निवडावा लागला, तो निवडल्यावर नीट जुळली. भाच्याला हे माहीतच नव्हतं कारण ते लोक अजून श्रीलिपीच्या जुन्या फाँटवर टाइप करतात, तिथे हा प्रश्नच येत नाही, पण मग व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर उचलून तिथे टाकला तर गिचमिड.

तर मी काय केलं, साडीचा फोटो उघडला, पदराच्या गोंड्यांभोवती सिलेक्शन करून मागची चादर काढायला बसले. गोंडे म्हणजे सुटे सुटे धागे. एकेका धाग्याच्या कडेने मास्क साफ करत तासभर गेला आणि शेवटी जे झालं ते चांगलं झालं पण साडी हवेत तरंगतेय असं दिसायला लागलं. सावली नाही ना खाली. मग सावली काढा. तेव्हा थांबले आणि जरा विचार केला की मागे पांढरी भिंत किंवा स्वच्छ चटई असती तर हे सगळं करावंच लागलं नसतं.

आणि मुख्य गोष्ट पुढे आहे. रॉ फाइल फोटोशॉपमध्ये उघडली की ती थेट फोटोशॉपमध्ये उघडत नाही, आधी कॅमेरा रॉ म्हणून एक वेगळी खिडकी येते. व्हाइट बॅलन्स तिथे, एक्स्पोजर म्हणजे एकूण उजळपणा तिथे, सावल्या, हायलाइट, एकेका रंगाचं वेगळं नियंत्रण, लेन्सची दुरुस्ती, सगळं तिथेच. एका फोटोवर केलेलं काम बाकीच्या फोटोंवर एकदम लावायची सोय पण तिथेच. माझं काम त्या खिडकीतच संपत होतं! पुढचं एवढं मोठं फोटोशॉप मी उघडत होते ते जवळजवळ फक्त सेव्ह करायला. भाच्याचं काम जिथे सुरू होतं तिथे माझं संपतं, आणि साधं की ॲडव्हान्स्ड असा प्रश्न विचारल्यामुळे हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, मला वाटायचं एक जिना आहे, खाली फोनचं ॲप, वर फोटोशॉप, आणि आपण वर चढायचं. तसं नाहीये ते. फोटो जुळवणं आणि मिसळणं हे एक काम, भरपूर फोटोंचा रंग एकसारखा आणि खरा ठेवणं हे दुसरं काम, दोन्हीची हत्यारं वेगळी.

दुसऱ्या कामासाठी फोटोशॉपच्याच कंपनीचं, ॲडोबीचं, लाइटरूम आहे, २००७ पासून, लग्नाचे फोटोग्राफर हजारो फोटो त्यातच हाणतात. चांगलं आहे, शिकायला सगळ्यात सोपं आहे आणि कोणाला दरमहा पैसे भरायची अडचण नसेल तर मी डोळे झाकून तेच सांगेन. पण २०१३ नंतर त्यांनी बहुतेक सगळं भाड्यावर न्यायला सुरुवात केली, आणि माझ्या धंद्यात आषाढात काही नाही, पितृपक्षात तर शुकशुकाट, त्या महिन्यांतही सॉफ्टवेअरचं भाडं भरत बसायचं हे मनाला पटेना. रक्कम फार मोठी नसते, मान्य आहे. पण कुरियरवाल्याला, डब्यांना, फॉल पिकोवालीला पैसे देताना माल जातो तेव्हाच देते मी, हे एकच असं की विक्री असो नसो चालू.

म्हणून फुकटवाल्यांकडे वळले. गिंप हे फोटोशॉपसारखं फुकट सॉफ्टवेअर सगळे सांगतात, १९९६ पासून आहे, अमेरिकेत दोन विद्यार्थ्यांनी कॉलेजात असताना सुरू केलं, २०२५ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली. मराठी अक्षरं तिथे काही सेटिंग न करता नीट येतात ही एक आनंदाची गोष्ट. तिथे रॉ फाइल ओढून टाकली तर ते म्हणालं की मला हे स्वतःला उघडता येत नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपी टाका. म्हणजे फोटोशॉपला जसा कॅमेरा रॉ तसं गिंपला डार्कटेबल. मी हसले, पुन्हा तीच खिडकी. मग गिंप राहिलं बाजूला आणि मी डार्कटेबल टाकलं, त्या दारातून आत आले असं म्हणायचं.

डार्कटेबल २००९ पासून आहे पण विंडोजवर ते २०१७ च्या शेवटी आलं, म्हणून बहुतेक लोकांच्या कानावर नाही. आता त्याच्याबद्दल खरं बोलायचं तर पहिले काही दिवस मला रडू यायचं बाकी होतं. मॉड्यूलची, म्हणजे त्यातल्या एकेका कामाच्या हत्यारांची, यादी म्हणजे लग्नातलं रुखवत, नुसतं बघत बसावं, हात कशाला लावायचा कळत नाही. एक्स्पोजर तीन ठिकाणी बदलता येतं, कॉन्ट्रास्टसाठी चार मार्ग, आणि प्रत्येकाच्या खाली असे शब्द की फिजिक्सचा पेपर सोडवतोय असं वाटावं. त्यात व्हाइट बॅलन्सचं मॉड्यूल हलवलं की ते इशारा देतं की दोन ठिकाणी रंग बदलू नका. नंतर समजलं की नवीन पद्धतीत ते मॉड्यूल आहे तसंच सोडून द्यायचं आणि रंगाचं सगळं काम कलर कॅलिब्रेशन नावाच्या मॉड्यूलमध्ये करायचं. हे कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, म्हणून मी तुम्हाला सांगतेय.

शेवटी जे जमलं ते असं. मी वापरते ती मॉड्यूल मोजकी, एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड, लेन्स करेक्शन, क्रॉप, आणि कधीतरी कलर बॅलन्स. सिग्मॉइड, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला उजेड स्क्रीनवर मावेल असा बसवणारं मॉड्यूल, २०२२ च्या डिसेंबरमधल्या आवृत्तीपासून आलं, त्याच्या आधी जे फिल्मिक होतं त्यात इतके आकडे की मी तिथेच सोडून दिलं असतं. ही माझी मॉड्यूल एका टॅबमध्ये गोळा करून ठेवलीत, बाकीचं रुखवत दिसतच नाही. डार्कटेबल सोपं करता येतं, फक्त ते सोपं करून तुमच्या हातात कोणी देत नाही.

आणि ग्रे कार्ड. अहो, निम्मं काम सॉफ्टवेअरने नाही, त्या पुठ्ठ्याने केलं. राखाडी रंगाचं कार्ड असतं, प्रकाशाचा साधारण १८ टक्के भाग परत पाठवणारं, ते साडीवर ठेवून पहिला फोटो काढायचा, मग कार्ड काढून बाकीचे. डार्कटेबलमध्ये त्या पहिल्या फोटोवर पिकर (रंग उचलायचं टूल) घेऊन कार्डावर चौकोन काढला की त्याला कळतं की हा राखाडी आहे आणि उजेडाचा पिवळेपणा निघून जातो. तेच सेटिंग कॉपी करून त्याच उजेडातल्या सगळ्या फोटोंवर पेस्ट. एवढंच. वीस साड्यांचे शंभरेक फोटो, आणि डोळ्याने अंदाज घ्यायचा प्रश्नच मिटला. कोणी म्हणेल पांढरा कागद ठेवला तर, मी तोही ठेवून बघितला, पण बाजारातल्या झेरॉक्स पेपरला तो पांढराशुभ्र दिसावा म्हणून काहीतरी निळी चकाकी देणारं रसायन असतं, त्याच्यावरून रंग ठरवला की साडी किंचित पिवळट येते. मूळ फाइलला डार्कटेबल हात लावत नाही हे पण बरंय, केलेलं सगळं शेजारी एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतं, बिघडलं तर पुसा आणि पहिल्यापासून. जागा मात्र खातं, माझ्या कॅमेऱ्याची एकेक रॉ पंचवीस तीस एमबीच्या घरात जाते, विकली गेलेल्या साड्यांच्या रॉ मी आता उडवून टाकते.

उजेडाची एक अट आहे. एका बाजूने खिडकी आणि वरून एलईडी असा मिसळलेला उजेड असेल तर जगातलं कोणतंही सॉफ्टवेअर हात टेकतं, कारण साडीचा अर्धा भाग एका रंगाच्या उजेडात आणि अर्धा दुसऱ्या. ट्यूब बंद करून फक्त उत्तरेच्या खिडकीचा उजेड, किंवा पडदे लावून फक्त दिवे, दोन्हीपैकी एक. दिवे घेतले तर खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर लिहिलेले बघून घ्यायचे, स्वस्त एलईडीत लाल रंग मेल्यासारखा दिसतो आणि जो लाल उजेडातच नाही तो एडिटिंगमध्ये कुठून आणणार.

लाल आणि राणी रंगाची वेगळीच गंमत. रेशमाची राणी कलरची साडी सगळीकडून एकसारखी सपाट गुलाबी दिसायची, विणच दिसायची नाही, आणि मला वाटायचं लेन्स खराब आहे. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे फोटोत कमी-जास्त उजेड किती आहे त्या आलेखात, तिन्ही रंग वेगवेगळे करून बघितलं तेव्हा कळलं की एकूण फोटो उजळ नाहीये पण लाल रंग एकटाच उजव्या भिंतीला जाऊन आपटलाय, २५५ च्या पुढे त्याला जागाच नाही, म्हणून पोत नाहीसा होतो. एक्स्पोजर कमी केलं, फोटो थोडा काळपट वाटला तरी चालेल, की विण परत येते. ही गोष्ट फोनच्या साध्या ॲपमध्ये मला कधीच दिसली नसती, तिथे हिस्टोग्राम असला तरी तो बहुतेक वेळा एकत्र असतो आणि मुळात जेपेगमध्ये ती विण गेलेलीच असते, परत कुठून आणता. मोठ्या सॉफ्टवेअरचा मला झालेला खरा उपयोग हा, की बिघडलंय ते नक्की कुठे हे दिसायला लागलं.

तरी काही रंग पोचतच नाहीत. फोन आणि वेबसाइट जी रंगांची हद्द वापरतात, एसआरजीबी, तिच्यात गडद मोरपंखीतला तो हिरवा निळा पुरता मावत नाही. मी एक्स्पोर्ट एसआरजीबीतच करते कारण दुसरं काही केलं तर काही फोनवर रंग मरगळतात, पण मोरपंखी साडी असली की खाली लिहूनच टाकते की प्रत्यक्षात रंग यापेक्षा गडद आहे. धूपछांव साडीचं तर विचारूच नका. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, हलवली की रंग बदलतो, मग फोटोत कोणता दाखवायचा? तिथे सॉफ्टवेअर बंद करून व्हिडिओ काढायचा, साडी हातात धरून हळू फिरवायची. अजून एक, दोन कापडं ट्यूबखाली अगदी सारखी दिसतात आणि उन्हात नेली की वेगळी, साडीवर मॅचिंग ब्लाउज रात्री दुकानात घेतलेल्या प्रत्येक बाईला हे माहितीये. हे फोटोत दुरुस्त होत नाही, होऊही नये.

लॅपटॉपच्या स्क्रीनबद्दल कोणी बोलतच नाही. माझा जुना स्वस्तातला लॅपटॉप, डोकं जरा खाली नेलं तर साडी काळपट, वर केलं तर पांढुरकी. अशा स्क्रीनवर बसून रंग ठरवायचा म्हणजे आंधळी कोशिंबीर. नवीन मॉनिटर घेणं परवडणारं नव्हतं म्हणून उपाय असा केला की रंगाचा निर्णय स्क्रीनवर घ्यायचाच नाही, तो ग्रे कार्डाने घ्यायचा, आणि शेवटी चार फोनवर बघायचं, माझा, सासूबाईंचा, मुलीचा, शेजारच्या वहिनींचा. माझ्या फोनवर डिस्प्ले व्हिव्हिड मोडमध्ये होता तो नॅचरलवर केला. सासूबाईंच्या फोनवर सगळंच पिवळं दिसतं, कारण त्यांनी डोळ्यांना त्रास नको म्हणून रात्रीचा मोड दिवसाही चालू ठेवलाय, आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं तशीच असणार!

खोडून काढायची जी नवीन एआयची टूल आलीत फोनमध्ये, त्यांच्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. भिंतीवरचा खिळा पुसा, फरशीवरचा केस पुसा, खुशाल. साडीवर मात्र लावू नका. एकदा पदरावर पडलेली हँगरची सावली पुसायला गेले तर ॲपने तिथे स्वतःच्या मनाने एक बुट्टी विणून दिली, साडीत नसलेली! हातमागाच्या साडीत धाग्याची गाठ असते, कुठे विण जराशी सरकलेली असते, ती मी पुसत नाही, उलट जवळून फोटो काढून टाकते. पुसलेला दोष पार्सल उघडल्यावर सापडतो आणि मग रंग कितीही बरोबर असला तरी काय उपयोग.

साधी ॲप माझ्याकडून सुटली असं मुळीच नाही. डार्कटेबलमधून जेपेग निघाले की ते फोनवर येतात, मग इन्स्टासाठी १०८० बाय १३५० मध्ये कापणं आणि किंमत, नंबर टाकणं हे सगळं फोनवरच, अक्षरांसाठी कॅनव्हा. भाच्याने दिवाळीचं पोस्टर करून पाठवलं तर ती पीएसडी (फोटोशॉपची) फाइल ब्राउझरमध्ये फोटोपी नावाच्या साइटवर उघडते, त्याला काही इन्स्टॉल करावं लागत नाही, तारीख बदलायची, सेव्ह. स्टोरीला टाकायचा घाईचा फोटो अजूनही फोनने काढते आणि स्नॅपसीडमध्येच उरकते, तिथे रंगाची हमी मी देतच नाही. आणि गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवायचा शेवटचा खात्रीचा फोटो मी डॉक्युमेंट म्हणून पाठवते, फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि काठाचं जरीकाम सगळं एकमेकांत मिसळतं. फक्त डॉक्युमेंट म्हणून पाठवताना एक बघायचं, फोनने काढलेला असेल तर त्यात घराचं लोकेशन असू शकतं, फोटो म्हणून पाठवला की ते निघून जातं आणि डॉक्युमेंटमध्ये तसंच जातं. घरून धंदा करणाऱ्या बायकांनी फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंदच करावं.

परवा एका मैत्रिणीने विचारलं, ती घरी केक करते, तिने पण हे सगळं शिकावं का. मी म्हटलं अजिबात नको. तिचा एक केक, एक फोटो, विकून झालेला, चॉकलेट थोडं जास्त गडद दिसलं म्हणून कोणी केक परत पाठवत नाही. तिला खिडकीजवळ एक टेबल आणि फोनमधलं साधं ॲप पुरे. माझ्या ओळखीतला एक मुलगा जुने फाटके फोटो स्कॅन करून नीट करून देतो, त्याला उलट लेयर आणि क्लोनिंग (फोटोचा चांगला भाग उचलून फाटक्या जागी लावणं) यांच्याशिवाय चालणारच नाही, तो फोटोशॉपवाला किंवा गिंपवाला, डार्कटेबल त्याच्या काही कामाचं नाही.

बारीक चौकडीच्या इरकलीचं मात्र अजून जमलेलं नाही. चौकडीच्या रेघा आणि सेन्सरचे पिक्सेल जवळजवळ सारख्या अंतरावर आले की फोटोत पाण्यासारख्या लाटा उमटतात, साडीवर नसलेल्या. कॅमेरा थोडा मागे घेतला की जातात, तिरका धरला की कमी होतात, आणि मोठ्या फोटोत गेल्या असं वाटून खूश व्हावं तर इन्स्टासाठी लहान करताना पुन्हा हजर. सध्या लहान करण्याआधी हलकासा ब्लर देते आणि काठाचा फोटो वेगळा जवळून काढते. भाचा म्हणतो फोटोशॉपमध्ये दोन मिनिटांत जाईल. त्याला म्हटलं, ये रविवारी, इरकल इथेच आहे, करून दाखव.